गुरुजींच्या गॅरेजचं दार आणि तान्ह्या पोळ्याला चेपलेला नंदी

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला गुरुजींचा फोन आला. दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं असलेलं गाव. गुरुजी रिटायर झालेले, मुलगा पुण्याला, त्याने ७ वर्षांपूर्वी घर बांधताना बाजूला गाडीसाठी गॅरेज काढलं आणि वर सरकणारं पॅनलचं दार, छताला मोटार, हातात रिमोट असं सगळं बसवून दिलं. गावात सगळे त्याला शटरच म्हणतात पण हे गुंडाळणारं शटर नाही, चार आडवे पॅनल बिजागऱ्यांनी एकमेकांना जोडलेले असतात आणि ते रोलरवर, दोन्ही बाजूच्या ट्रॅकमधून वळून छताखाली जाऊन आडवे होतात. दाराच्या वर एक लोखंडी दांडा, त्यावर गुंडाळलेली जाड स्प्रिंग, आणि दोन्ही टोकांना ड्रमवरून खाली आलेली स्टीलची केबल.

गुरुजी म्हणाले, "भाऊ, मोटार गेली म्हणते तो मिस्त्री, ३५ हजाराची नवी टाका म्हणते. तू येऊन पाह्य बरं एकदा." आणि मागून काकूंचा आवाज, "मोटारीचं राहू द्या, आधी त्याले सांगा पोट्टा कसा वाचला ते."

झालं असं होतं की नातू सुट्टीवर आला होता, तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन घरोघरी जायचं म्हणून सजवून गॅरेजच्या तोंडाशी ठेवला आणि ताट आणायला आत वळला. गुरुजींनी अंगणातून रिमोट दाबला, नेहमीसारखा. दार खाली आलं, नंदीवर टेकलं, आणि थांबलंच नाही. दाबत गेलं. मी पोचलो तेव्हा काकूंनी तो नंदी ओसरीवर ठेवला होता, सागाचा, हातभर लांब, शिंगांना बेगड तशीच चकाकत होती आणि मान बुडातून तुटून बाजूला, पुढची दोन चाकं फाकलेली. मी तो हातात घेऊन पाहिला आणि खरं सांगतो पोटात गोळा आला. सागाचं लाकूड मोडेपर्यंत जर दार दाबत राहात असेल तर त्या दाराची दुरुस्ती मोटारीपासून सुरू करायचीच नाही.

आता हे प्रकरण सविस्तर लिहितो, कारण इकडे तालुक्याच्या गावांमध्येही अशी दारं बसायला लागलीत आणि बसवणारा निघून गेला की मग ज्याला जे सुचेल ते स्क्रू फिरवतो.

मी पहिले काही चालवलं नाही, फक्त पाहिलं. अशा दाराला खाली दोन्ही बाजूंना एकेक डोळा असतो, सेन्सर म्हणा, एका बाजूने किरण सोडतो दुसरा झेलतो, मधे काही आलं की उतरणारं दार परत वर जातं. हे डोळे जमिनीपासून ६ इंचाच्या वर नसावेत असा नियम आहे, म्हणजे जमिनीवर बसलेलं किंवा रांगतं लेकरूही त्यात यावं. अमेरिकेत लेकरं दाराखाली सापडून जीव गेले त्यावरून तिथे १९९० साली कायदा झाला आणि १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या प्रत्येक घरगुती ओपनरला असं संरक्षण सक्तीचं झालं, आणि आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच मोटारींबरोबरही ते डोळे डब्यात येतात. गुरुजींच्या दाराला खाली नुसते रिकामे ब्रॅकेट होते. वायर वर गेलेली. मी शिडी लावली तर दोन्ही डोळे वर मोटारीजवळ, एकमेकांकडे तोंड करून, काळ्या टेपने पट्टीला गुंडाळून ठेवलेले. मोटारीला वाटत होतं रस्ता मोकळा आहे, कायमचा. आणि मोटारीच्या मागे फोर्सचे दोन स्क्रू असतात, एक चढतानाच्या जोराचा, एक उतरतानाच्या, दोन्ही शेवटपर्यंत पिळलेले.

म्हणजे डोळे आंधळे आणि हात आडदांड. नंदीचं काय झालं ते कळलं, पण हे असं कुणी आणि का केलं ते कळल्याशिवाय मी नुसते स्क्रू मागे फिरवले असते तर दार चाललंच नसतं, आणि महिनाभरात कुणीतरी पुन्हा तेच केलं असतं. म्हणून गुरुजींना खुर्ची दिली आणि म्हटलं, पहिल्यापासून सांगा, कधी काय बिघडलं.

गुरुजींची आठवण चांगली. तीन उन्हाळ्यांपूर्वी गॅरेज भट्टीसारखं तापायचं, मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातोच, पत्र्याचं दार दुपारी हात लावू देत नव्हतं, म्हणून सुताराकडून आतून प्रत्येक पॅनलला ६ एमएम प्लाय ठोकून घेतलं. त्यानंतर दार चढताना रडायला लागलं, अर्ध्यात थांबायचं, मग कुणीतरी चढतानाचा फोर्स वाढवून दिला. मागच्या दिवाळीत संध्याकाळी दार बंदच होईना, खाली यायला निघायचं, लाईट लुकलुकायचा, परत वर. मग डोळे काढून वर बांधले. आणि ह्या पावसाळ्यात दार जमिनीला टेकायचं आणि लगेच उलटं वर जायचं, रात्री दोन-दोनदा उठून पाहावं लागायचं, तेव्हा उतरतानाचा फोर्सही वाढवला. प्रत्येक वेळी दार "नीट" झालं. तीन वेगळी दुखणी, आणि तीन वेळा दुखणं सांगणाऱ्याचंच तोंड बंद केलं.

मी गुरुजींना म्हटलं, मोटार पाहू नका, दार पाहू. दार पूर्ण खाली घेतलं, मोटारीचा प्लग काढला, आणि मग ती लाल दोरी ओढली. ह्या दोरीने दार मोटारीपासून सुटतं. दोरी ओढताना दार खाली असलंच पाहिजे, हे मी सगळ्यांना हात जोडून सांगतो, कारण स्प्रिंग तुटलेली किंवा कमजोर असेल आणि दार वर असताना दोरी ओढली तर अख्खं दार एकदम खाली येतं. आपल्याकडे लाईन कधी जाईल नेम नाही, शहरातल्या माणसाला वर्षातून एकदा ही दोरी ओढावी लागत असेल तर गावात आठवड्यातून दोनदा, म्हणून दार तोललेलं असणं आपल्याकडे जास्त गरजेचं. काकूंनी मग सांगितलं की जूनमध्ये लाईन गेली तेव्हा गुरुजींनी वर असलेल्या दाराची दोरी ओढली होती आणि दार खांद्यावर आलं होतं. गुरुजी गप्प बसले. ते मला फोनवर बोलले नव्हते.

दोरी ओढून हाताने दार उचललं. नीट तोललेलं दार एका हाताने उचललं जातं, आणि कमरेइतकं उचलून सोडलं की तिथेच थांबतं, फार तर बोटभर वरखाली. हे दार मला दोन्ही हातांनी, पाय रोवून उचलावं लागलं आणि कमरेशी आणून जरा सैल सोडलं तर सरळ खाली निघालं. गुरुजींकडे सोयाबीन मोजायचा चपटा इलेक्ट्रॉनिक काटा होता, तो दाराखाली बरोबर मधोमध ठेवला आणि दार हळूच त्यावर टेकवलं. १७ किलो. स्प्रिंग जे उचलत नाही ते १७ किलो. आता हिशोब करा, दार ८ फूट बाय ७ फूट, म्हणजे ५६ चौरस फूट, सव्वापाच चौरस मीटरच्या आसपास, त्याला ६ एमएम प्लाय म्हणजे १८-१९ किलो होतं, आणि पॅनलच्या चौकटी सोडून आतआत ठोकलं होतं म्हणून थोडं कमी. काट्यावर जवळपास ते प्लायच दिसत होतं.

लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे की मोटार दार उचलते. मोटार दार उचलत नाही, स्प्रिंग उचलते. दार खाली येताना स्प्रिंग पिळली जाते, त्यात ताकद साठते आणि वर जाताना तीच ताकद दाराचं वजन पेलते, मोटार फक्त थोडासा धक्का देऊन पुढे-मागे नेते. विहिरीच्या रहाटाला दुसऱ्या बाजूने तेवढंच वजन बांधलं की बादली एका बोटाने येईल, तसं. आणि ही स्प्रिंग दाराच्या वजनाप्रमाणे निवडलेली असते, पुढे तुम्ही दाराला प्लाय ठोका, आरसा लावा, ग्रिल लावा, प्रत्येक किलो मोटारीच्या गळ्यात पडतो. मोटारीचं झाकण काढलं तर आतल्या नायलॉनच्या गिअरखाली पांढरा भुगा पडला होता, किसल्यासारखा. गिअर अजून धरून होता पण आणखी एखाद्या वर्षात गेला असता, आणि ३५ हजाराची नवी मोटार बसवली असती तर तिचाही गेला असता.

प्लाय काढलं. गुरुजींना वाईट वाटलं, सुताराचं काम सुबक होतं, पण त्यांनीच पेचकस घेतला. त्याऐवजी थर्माकोलच्या इंचभर जाडीच्या शीट बसवल्या, अख्ख्या दाराच्या शीटचं वजन दोन किलोच्या आसपास, आणि उन्हाचा ताव प्लायपेक्षा त्याच जास्त अडवतात. प्लाय काढल्यावर पुन्हा काट्यावर दार टेकवलं तर ३ किलो राहिलं, थर्माकोल आणि ७ वर्षांत स्प्रिंगचा थोडा गेलेला ताण मिळून. तेवढ्यासाठी मी स्प्रिंगला पाव-पाव वेढा करत अर्धा वेढा दिला. हे काम घरी करायचं नाही. ७ फुटी दाराच्या स्प्रिंगला साधारण साडेसात वेढे पिळलेले असतात, ती सुटली तर हाताचं हाड मोडतं, त्याला बरोबर मापाचे दोन दांडे लागतात, पेचकस किंवा सळई घालून पिळणारे मी पाहिलेत आणि त्यातल्या एकाची दोन बोटं वाकडी आहेत. तशीच, साधी स्प्रिंग १० हजार वेळा उघड-झाप इतक्या आयुष्याची धरतात, रोज चार वेळा म्हटलं तर सात वर्षांत संपते, म्हणून गुरुजींना सांगून ठेवलं की हिचे दिवस भरत आलेत, तुटली की दाराला हात लावायचा नाही, मला बोलवायचं.

स्प्रिंगवर काम करतानाच केबल दिसली. वरून चकचकीत, आणि खाली अगदी शेवटी, जिथे तळाच्या ब्रॅकेटला अडकवलेली असते तिथे गंजून तपकिरी, चार तारा तुटून काट्यासारख्या बाहेर आलेल्या. दोन्ही बाजूंना तसंच. मी काकूंना विचारलं फरशी कशाने धुता. बोअरच्या पाण्याने, रोज. आमच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी ज्याने चाखलं त्याला पुढचं सांगायला नको, त्या पाण्याने नळाच्या तोट्या खाल्ल्या जातात तर तारेचं काय. गाडी धुतली, फरशी धुतली, पाणी दाराच्या तळाशी येऊन थांबलं आणि वाळून मीठ तिथेच राहिलं. हे कुणाच्याच लक्षात येत नाही कारण दार खाली असताना तो भाग जमिनीला लागून असतो, वाकून पाहावं लागतं. ते तळाचं ब्रॅकेट पूर्ण स्प्रिंगच्या ताणाखाली असतं, त्याचा नट चुकूनही ढिला करू नका. मी स्प्रिंग पूर्ण सैल करून मग दोन्ही केबल बदलल्या. एक तुटली असती तर दार तिरपं होऊन ट्रॅकमध्ये अडकलं असतं, ते पुढचं प्रकरण झालं असतं.

ट्रॅकमध्ये ग्रीस थापलेलं होतं. त्यात कुटार म्हणजे भुसा, कापसाचे तंतू, धूळ बसून काळा लगदा झालेला, रोलर त्यात रुतून चालत होते. ट्रॅकला ग्रीस लावायचं नसतंच, तो नुसता पुसून कोरडा ठेवायचा, तेल द्यायचं ते बिजागऱ्यांना, रोलरच्या बेअरिंगला आणि स्प्रिंगच्या वेढ्यांवर हलकंसं. मोटारीची चेन बघितली, ठीक होती, मधोमध अर्धा इंच झोल असतो तेवढाच होता, काहीजण ती ताणून तार करतात ते करू नये.

मग ह्या पावसाळ्यातलं दुखणं, टेकून परत जाणं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी, दार कुठून परत जातं ते पहायचं. खाली निघाल्या निघाल्या किंवा मधूनच लाईट लुकलुकून परत गेलं तर डोळे पहा. जमिनीला टेकून परत गेलं तर जमीन आणि लिमिट पहा, मोटारीला जिथपर्यंत जायचं शिकवलंय तिथपर्यंत ती पोचायच्या आत जमीन लागली तर तिला वाटतं कुणीतरी मधे आहे आणि ती बरोबरच करते, परत जाते.

जमीन वर कशी येईल, गुरुजींचा प्रश्न. मी पाण्याची नळी लावली, गवंडी लेव्हल काढतात तशी, आणि दाराच्या रेषेत डावा कोपरा उजव्यापेक्षा १४ मिलिमीटर वर निघाला. घराचे कॉलम खोल मुरमापर्यंत गेलेले, ते हलले नाहीत आणि त्यांना धरलेले ट्रॅकही हलले नाहीत. पण गॅरेजची फरशी नंतर केली आणि खाली भरण घातलं ते पायाच्याच खोदाईतून निघालेल्या काळ्या मातीचं. आपल्या वावरात काय होतं ते गुरुजींना मी सांगायची गरज नव्हती, उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात सगळ्या बुजलेल्या, माती पाणी पिऊन फुगते. खारपाणपट्ट्यात मातीत सोडियम जास्त म्हणून ती आणखीच फुगते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. आणि त्याच डाव्या कोपऱ्याशी गच्चीचा पाईप खालून फुटलेला, गच्चीवरचं सगळं पाणी बरोबर त्या कोपऱ्यात मुरत होतं. गुरुजी उठून तिथे गेले, फुटलेल्या पाईपकडे बघत म्हणाले, "म्हणजे बावा, पाईप फुटला आन् दोष मोटारीवर."

पाईप जोडून पाणी १० फूट लांब अंगणाच्या नालीत काढलं. उतरण्याचं लिमिट कमी केलं, दार डाव्या कोपऱ्याला टेकून थांबेल इतकं, आणि उजवीकडे जी फट राहिली ती झाकायला तळाचं रबर काढून जाड, फुगीर रबर घातलं. खरा इलाज म्हणजे फरशी फोडून तीन फूट काळी माती काढून मुरूम भरणं, ते मी सांगितलं, गुरुजी म्हणाले कापूस घरात आला की पाहू. तोपर्यंत हे दार वर्षातून दोनदा पाहावं लागेल, दिवाळीच्या सुमारास एकदा आणि मे महिन्यात एकदा, कारण माती जशी वाळेल तशी फरशी परत खाली जाईल आणि दाराखाली फट पडेल, त्या फटीतून उंदीर आणि साप दोन्ही येतात. लिमिटचा स्क्रू पाव-पाव फिरवायचा, दरवेळी दार चालवून बघायचं. हे काम घरचा माणूस नक्की करू शकतो. फोर्सच्या स्क्रूला मात्र हात लावायचा नाही.

डोळे खाली आणून ६ इंचाच्या आत बसवले आणि दार मस्त चाललं. मग गुरुजींनी विचारलं, "मंग दिवाळीत काहून नव्हतं चालत?" मी विचारलं किती वाजता. संध्याकाळी, पाच-साडेपाच. सकाळी? सकाळी चालायचं. मी बाहेर येऊन उभा राहिलो. गॅरेजचं तोंड दक्षिणेला, म्हणजे डोळ्यांची रेषा पूर्व-पश्चिम, झेलणारा डोळा पूर्वेच्या बाजूला, पश्चिमेकडे तोंड करून. सप्टेंबरच्या शेवटापासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य पश्चिमेच्या दक्षिणेला मावळतो, म्हणजे दसरा ते होळी संध्याकाळचं तिरपं ऊन सरळ त्या डोळ्यात, त्याला समोरचा बारीक किरण दिसणारच नाही. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडे सरकून घरामागे मावळतो म्हणून त्रास नाही. डोळा खराब नव्हता, त्याला ऊन लागत होतं. मी दोघांची अदलाबदल केली, झेलणारा पश्चिमेला नेऊन पूर्वेकडे तोंड केलं, पूर्वेला शेजाऱ्यांची भिंत आहे त्यामुळे सकाळच्या उन्हाचाही प्रश्न नाही, आणि वरून पीव्हीसी पाईपचा दोन इंचाचा तुकडा टोपीसारखा बसवला.

व्होल्टेजही मोजलं, विहिरींवरचे पंप चालू असताना १९० च्या आसपास होतं, चांगलं नाही पण ह्या प्रकरणात त्याचा हात नव्हता.

शेवटी दोन्ही फोर्स पूर्ण मागे घेऊन थोडे थोडे वाढवत आणले, दार चालेल एवढेच. तोललेलं दार किती कमी जोरात चालतं ते पाहून गुरुजी चकित झाले. मग चाचणी. दीड इंच जाडीचं लाकूड दाराच्या रेषेत जमिनीवर आडवं ठेवायचं, दार त्याला टेकल्यावर दोन सेकंदांच्या आत परत वर गेलं पाहिजे, नाही गेलं तर दार वापरायचं नाही, एवढं सरळ आहे ते. घरात दीड इंची लाकूड शोधू लागलो तर काकूंनी नंदीखालची पाटली आणून दिली, चाकं निघून आली होती, जाडी बरोबर तेवढीच. दार आलं, पाटलीला टेकलं, आणि वर गेलं. तीनदा केलं. मग झाडू डोळ्यांसमोर धरला, लगेच वर. काकू म्हणाल्या, "आणखीन एकदा करून दाखव," आणि चौथ्यांदा त्यांनी स्वतः झाडू धरला.

गुरुजींनी वही केली. महिन्याच्या १ तारखेला पाटली, झाडू, लाल दोरी ओढून कमरेशी दार थांबतं का, आणि डाव्या-उजव्या कोपऱ्याची फट. दिवाळीनंतर मी संध्याकाळी पाच वाजता मुद्दाम गेलो, ऊन बरोबर गॅरेजच्या तोंडात होतं, दार न अडखळता बंद झालं. नळी लावली तर डावा कोपरा १४ वरून ९ मिलिमीटरवर आला होता. लिमिट पाव वेढा वाढवून दिलं आणि वहीत गुरुजींनी तारखेसमोर लिहिलं: डावीकडे ९, पाटली पास, झाडू पास, दार कमरेला थांबले.